पुलाखालची सही

माझं घोडं अडलं होतं ते मामांच्या उजव्या हातापाशी.

कोणाला हे सांगितलं की लोकांना वाटतं, मामा सही देत नाहीत म्हणून मी चिडलेय. तसं असतं तर बरंच झालं असतं. सही न देणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. मामांना सही द्यायची होती. दर खेपेला ते पेन खिशाला लावूनच टगवर यायचे. अडचण त्यांच्या हाताची होती, आणि हाताशी माणूस भांडणार कसा?

आधी आमचं काम सांगते. टग म्हणजे बुटकी, दणकट बोट. आकार लहान आणि इंजिन राक्षसाचं. ज्या बार्जना, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यांना, स्वतःचं इंजिन नसतं त्यांना ढकलणं किंवा ओढणं हा तिचा धंदा. आमची टग नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीपासून खडीने भरलेली बार्ज खाली बंदरापर्यंत आणते. बार्ज पुढे, टग मागे, दोघी तारेच्या दोरांनी एकमेकींना करकचून बांधलेल्या. व्हीलहाऊसमधून, म्हणजे सुकाणूच्या केबिनमधून, बघितलं की समोर खडीचे ढीग, आणि बार्जच्या पुढच्या टोकाला उभा असलेला खलाशी अंगठ्याएवढा. एवढं वजन एकदा चालायला लागलं की थांबवायला ब्रेक नाही. इंजिन उलटं फिरवलं तरी ते आपल्याच तंद्रीत पुढे जात राहतं.

म्हणून हे चालवायला लायसन्स लागतं, आणि लागायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लेखी परीक्षा असते, डॉक्टरचा दाखला असतो, रडारचा कोर्स असतो. ते सगळं मी केलं. पण खरी गोम पुस्तिकेत आहे. मेट म्हणजे कॅप्टनच्या हाताखाली टग चालवणारा, आणि शिकाऊ मेटला एक पुस्तिका मिळते. तिच्यात कामं छापलेली असतात: बार्ज बांधणं, सोडणं, धक्क्याला लावणं, धुक्यात थांबवून धरणं. एकेक काम परीक्षकासमोर करून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची. परीक्षक म्हणजे कोणी ऐरागैरा कॅप्टन नाही, त्याच्याकडे जलवाहतूक खात्याचं अधिकारपत्र असावं लागतं. आणि प्रत्येक सहीच्या वर बारीक अक्षरांत छापलंय, 'हे काम मी नियंत्रणांना हात न लावता, स्वतःच्या डोळ्यांनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले आहे.'

माझ्या सगळ्या सह्या झाल्या होत्या. एकच राहिली होती: भरलेली बार्ज ओहोटीच्या पाण्याबरोबर जुन्या पुलाखालून काढणं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

हा पूल कोणत्या शहाण्याने बांधला कोण जाणे, पण बरोबर नदीच्या वळणावर बांधला. ओहोटी लागली की वळणावर पाणी डाव्या खांबाकडे ओढतं. मधली वाट बार्जच्या रुंदीपेक्षा जेमतेम मोठी. तिच्यातून निघायचं तर मधोमध नेम धरून चालत नाही. नेम धरायचा उजव्या खांबावर. सरळ त्याच्यावर चालून जायचं, आणि पाणी आपल्याला डावीकडे सरकवेल यावर भरवसा ठेवायचा. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, आता धडकले. त्यात गंमत म्हणजे वेग कमी करायचा नाही. वेग उतरला की सुकाणू पाणी धरत नाही, आणि मग खरोखरच धडकायला होतं. थोडक्यात, सगळं अंग 'थांब' म्हणून ओरडत असताना हात स्थिर ठेवायचे, एवढंच ते काम.

हे मला कोणी शिकवलं? मामांनीच. आमच्या टगचे कॅप्टन तेच आणि माझे परीक्षकही तेच. दोर ओढणाऱ्या खलाशापासून सुकाणूपर्यंत मला त्यांनी आणलं. बाकीचे कॅप्टन म्हणायचे, बाईला कशाला वर घेता, तर मामा म्हणायचे, "दोर तिच्याइतका नीट कोण बांधतो ते दाखवा, त्याला वर घेतो." घरी मी त्यांची भाची, टगवर 'मेट'. घरी 'पोरी' म्हणणारा माणूस टगवर चुकूनही म्हणायचा नाही. परीक्षक नात्यातला नको असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. पण नात्यातला आहे म्हणून सही स्वस्त होता कामा नये, हा नियम मामांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. दुष्काळात तेरावा महिना.

पहिल्या वेळी त्यांचा हात गेला तो मला दिसलाही नाही. उजव्या खांबावर नेम धरलेला, पाणी ओढायला लागलेलं, आणि मध्येच इंजिनाचा आवाज किंचित उतरला. खाली बघितलं तर वेगाच्या लीव्हरवर मामांची दोन बोटं. मी ती झटकली, लीव्हर पुन्हा वर केला, आणि निघालो आम्ही पुलाखालून.

"हात लागला," मामा म्हणाले.

"लागू द्या. पार तर झालो ना?"

"छापलंय काय? हात न लावता."

"कोणाला कळणार आहे, मामा?"

"हाताला कळलं ना."

मी दात ओठ खात सुकाणू धरून बसले.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना मागे, दाराला टेकून उभं केलं. दारापासून लीव्हरपर्यंत दोन ढांगा. वळण आलं आणि त्या दोन ढांगा त्यांनी कधी टाकल्या ते त्यांनाही कळलं नाही. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या दोन्ही हातांत चहाचा मोठा मग दिला, काठोकाठ भरून. म्हटलं, आता बघू. पुलापाशी मग खाली, चहा रडारवर आणि हात लीव्हरवर. रडार पुसायला अख्खी दुपार गेली आणि त्यावरून इंजिनियरने मलाच ऐकवलं.

यातल्या एकाही खेपेला मी चुकले नव्हते, हे लक्षात घ्या. चुकले असते तर गप्प बसले असते. लायकी नाही म्हणून नापास झालेल्या माणसाला निदान झोप तरी लागते. मी प्रत्येक वेळी पुलाखालून सुतासारखी सरळ निघाले आणि प्रत्येक वेळी नापास झाले, कारण बघणाऱ्याला बघवत नव्हतं.

"तुम्ही स्वतः चालवताना तर शीळ घालत जाता हो त्या पुलाखालून," मी एकदा म्हटलं.

"मी चालवताना काय होतंय?" ते म्हणाले. "भीती दुसऱ्याने चालवताना वाटते."

"माझी भीती वाटते?"

"तुझी नाही गं. पाण्याची वाटते. पण हात तुझ्याकडे येतो."

आणि महिनाअखेर मामा निवृत्त होणार होते. त्यांचं लायसन्स संपत होतं, त्याबरोबर परीक्षकाचं अधिकारपत्रही. खात्याचा नियम असा की परीक्षक गेला की त्याच्या हातची अर्धवट पुस्तिका बंद. नव्या परीक्षकाला सगळी कामं पहिल्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असतात. आणि टगवर परीक्षक नसेल तर शिकाऊ माणसाने सुकाणूला बोटही लावायचं नाही. म्हणजे ती एक सही मिळाली तर मी पक्की मेट, आणि नाही मिळाली तर पुन्हा बार्जच्या टोकाला, दोर ओढत, पहिल्या दिवसासारखी.

मी लायसन्सच्या ऑफिसात गेले. काचेच्या खिडकीमागे एक बाई बसतात. चष्मा, समोर शिक्क्यांचं स्टँड, आणि काचेखाली कागद सरकवायला एक फट. बाई वाईट नाहीत. त्यांचा आवाज असा की 'नाही' म्हणतानाही वाटतं, आता पाणी विचारतील.

"दुसरा परीक्षक मिळेल का?" मी विचारलं.

"मिळेल की. दुसऱ्या बंदरात एक आहेत. अर्ज करा."

"किती वेळ लागतो?"

"अर्जाबरोबर डॉक्टरचा दाखला जोडायचा. तो ताजा लागतो."

"माझा आहे."

"नंबर लागेपर्यंत हा शिळा होईल. तेव्हा परत काढा. पण परत काढला की अर्जही परत करावा लागेल, कारण अर्जावर दाखल्याचा नंबर असतो."

"आणि नवा अर्ज केला की?"

"नंबर शेवटी जातो," बाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ताई, नियम मी नाही हो केले. मी सांगते फक्त. तुमची अडचण काय आहे नेमकी?"

मी सांगितली. मामा, हात, लीव्हर, चहा, सगळं. मागच्या रांगेतले दोघे हसले. बाई हसल्या नाहीत.

"हात बांधून ठेवा त्यांचे," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "परीक्षकाचे हात मोकळे असावेत असं कुठे लिहिलेलं नाही."

मी तिथून तडक मामांच्या घरी गेले. मामी दारातच म्हणाल्या, "आज पण नाही?" माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. मामा आंघोळीला गेले होते, म्हणून मी मोकळेपणाने ओरडले. मी म्हटलं, या माणसाने मला सुकाणू दाखवलं आणि हाच माणूस मला सुकाणूवर बसू देत नाही. कुंपणच शेत खातंय. मामींनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं विणकाम न थांबवता.

"मला काय सांगतेस?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले आणि दुसऱ्या दिवशी यांनी माझ्या हातातून उलथणं घेतलं. म्हणे, असं नाही, असं परतायचं. आजतागायत माझ्या हातचं यांनी काही नीट करपूही दिलेलं नाही. जावयाच्या गाडीत बसले की पायाने ब्रेक दाबतात, पायाखाली नुसता गालिचा. जित्याची खोड आहे ती."

"मग मी करू काय, मामी?"

मामींनी विणकाम मांडीवर ठेवलं. पिशवीतून लोकरीची एक लड काढली, राखाडी रंगाची, अजून गुंडा न केलेली. तेवढ्यात मामा डोकं पुसत बाहेर आले.

"अहो, हात पुढे करा," मामी म्हणाल्या.

मामांनी केले. मामींनी त्या दोन हातांवर लड चढवली आणि हात ताणून ठेवायला लावले. मी लहानपणी अशी तासन् तास बसले आहे. लड हातांवर असताना हात हलला की सगळा गुंता होतो, आणि तो सोडवायला जी शिक्षा होते ती मामींच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामा जागच्या जागी पुतळा झाले.

"तुमच्या स्वेटरची लोकर आहे," मामी म्हणाल्या. "मुलीकडे राहायला गेलो की थंडीत लागेल म्हणून आणलीये. गुंता केलात तर बिनस्वेटरचे बसाल."

मला हसू आलं, आणि किती दिवसांनी आलं. वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मामांच्या शेवटच्या फेरीचा दिवस स्वच्छ होता. वारा नाही, पाणी भरपूर. खाणीवर बार्ज भरली, मी स्वतः जाऊन एकेक दोर तपासला. बार्जच्या टोकाला आमचा खलाशी उभा राहिला. त्याला सगळे होहो म्हणतात, कारण तो कशालाही 'हो हो' म्हणतो. वॉकीटॉकीवरही त्याची तीच पद्धत. पुलाखालून जाताना खांबापासून अंतर ठीक असेल तर तो म्हणत राहतो, हो, हो, हो. ठीक नसेल तर गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही जेवढं घाबरतो तेवढं भोंग्यालाही घाबरत नाही.

व्हीलहाऊसच्या मागच्या बाकावर मामा बसले. दोन्ही हात समोर, त्यांवर लोकरीची लड, छातीशी खोचलेलं पेन. मुंजीतला बटू जसा सगळ्यांनी सांगितलेलं निमूट ऐकत बसतो तसे ते बसले होते. मी मागे वळून म्हटलं, "मामा, तुमच्या पाया पडते, आज फक्त बघा."

"तू चालव," ते म्हणाले. "डोळ्यांत तेल घालून बघतो."

वळण दिसलं. मी भोंगा दिला. उजव्या खांबावर नेम धरला, लीव्हर होता तिथे ठेवला. पाण्याने बार्जला खांदा लावल्यासारखं ढकलायला सुरुवात केली. वॉकीटॉकीवर होहो सुरू झाला. हो. हो. हो. मागे काही हालचाल नाही. माझे कान मागे आणि डोळे पुढे. खांब एवढा जवळ आला की त्याच्यावरचं शेवाळ दिसायला लागलं. हो. हो.

आणि होहो गप्प झाला.

पाणी त्या दिवशी रोजच्यापेक्षा थोडं कमी ओढत होतं, बार्ज सरकत होती पण सावकाश, आणि उजवा खांब समोरून हलत नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मलाच मामांचा हात हवा होता. रोज नको असलेली ती दोन बोटं यावीत, लीव्हर ओढावा, आणि पुढचं जे काय होईल ते त्यांच्या नावावर जावं, असं मला वाटलं. हात आला नाही. मी सुकाणू केसभर डावीकडे दिलं, वेग उतरवायच्या ऐवजी थोडा वाढवला, आणि श्वास धरून बसले. बार्जचं टोक हललं. खांब उजवीकडे सरकायला लागला, आधी मुंगीच्या पावलांनी, मग भराभर.

"हो," वॉकीटॉकी म्हणाला. "हो हो हो हो. निघालो, ताई!"

पुलाची सावली अंगावरून गेली आणि आम्ही उन्हात आलो. मी सुकाणू न सोडता ओरडले, "मामा! हात नाही लागला! आणा पेन!"

मी वळून बघितलं. लड जशीच्या तशी होती, एक धागा हललेला नव्हता. मामांचा चेहरा मात्र चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा.

"मेट," ते म्हणाले, "मी डोळे मिटले होते."

"काय?"

"हात आवरले तर डोळे आवरेनात. वळणापाशी मिटले. होहो 'निघालो' म्हणाला तेव्हा उघडले."

मला वाटलं चेष्टा करतायत. मग आठवलं की मामा टगवर चेष्टा करत नाहीत. पुढे नदी सरळ आहे, म्हणून बरं, नाहीतर बार्ज मी कुठे घातली असती देव जाणे.

"पण कळलं सगळं," ते घाईघाईने म्हणाले. "इंजिनाचा आवाज वाढवलास ते कळलं. तिथे दहातले नऊ जण कमी करतात. कानाने एकूण एक कळलं."

"मग करा की सही!"

"कानाची सोय नाही पुस्तिकेत. स्वतःच्या डोळ्यांनी, असं आहे."

मग मी बोलले. काय काय बोलले ते आता आठवून लाज वाटत नाही, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. मी म्हटलं, तुमच्या प्रामाणिकपणाचं लोणचं घाला. तुम्ही चोख राहणार आणि त्याची शिक्षा मी भोगणार. उद्यापासून मी दोर ओढणार आणि तुम्ही मुलीकडे स्वेटर घालून बसणार. मी म्हटलं, तुम्हाला मी सुकाणूवर नकोच आहे, म्हणून एकदा हात जातो, एकदा डोळे मिटतात, उद्या घेरीही येईल. हे शेवटचं बोलायला नको होतं. मामांनी सावकाश, एक धागा न गुंतवता लड हातांवरून उतरवली, मांडीवर ठेवली आणि बंदर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. पेन खिशालाच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बार्जवर. नवा कॅप्टन चांगला माणूस निघाला, हेच तर वाईट. आवाज चढवत नाही, 'ताई' म्हणतो, दोर नीट बांधला की कौतुक करतो. त्याच्यावर राग काढायचीही सोय नाही. मी होहोच्या शेजारी उभी राहून पुलाचे खांब जवळून बघायचे आणि मनातल्या मनात सुकाणू फिरवायचे. तळहातांना जुने घट्टे परत आले. मामांकडे मी गेले नाही. मामींचा निरोप आला, मुलीकडे जायचं सामान बांधून झालंय, एकदा येऊन जा. तरी गेले नाही. राग होता, आणि त्या शेवटच्या वाक्याची टोचणी होती, आणि ती दोन्ही एकमेकांना धरून होती.

मग एक सुट्टी काढून मी परत लायसन्सच्या ऑफिसात गेले. दुसऱ्या बंदरातल्या परीक्षकासाठी अर्ज करायचा, नंबर लावायचा, पहिल्यापासून सगळं. दुसरा इलाजच नव्हता. आत शिरले तर भिंतीकडच्या बाकावर मामी बसलेल्या. मांडीवर राखाडी लोकर, हातात सुया.

"तुम्ही इथे?" मी म्हटलं.

मामींनी हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. खिडकीपाशी मामा उभे होते, हातात फाईल.

"मुलीकडे जाणार होतात ना?"

"जाणार होतो. सोडलं सामान परत," मामी म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, एक डोळा झाका, तर यांनी दोन्ही मिटले. म्हणे सवय लागली. रडारच्या कोर्सला पोराटोरांत बसले. तिथल्या मास्तरांच्या हातातून खडू घेतला म्हणून मला कळवायला फोन आला." त्यांनी सुई फिरवली. "तुला सांगू नको म्हणाले होते. पण तू विचारलंस, आणि मी काय खोटं बोलणार?"

मी बाकावर बसलेच नाही, तशीच उभी राहिले.

खिडकीमागच्या बाई कागद चाळत होत्या. "काका, तुम्ही तर निवृत्त झालात. मग लायसन्स परत कशाला?"

"लायसन्स असल्याशिवाय परीक्षकाचं अधिकारपत्र मिळत नाही."

"ते बरोबर. पण अधिकारपत्र कशाला? कारण भरावं लागतं इथे. काय लिहू?"

मामा म्हणाले, "लिहा, एक काम बघायचं राहून गेलंय."

"असं नाही हो लिहिता येत."

"मग तुमच्या भाषेत लिहा. माझी चूक आहे ती. तिने केलं होतं, मी बघितलं नाही. मी परत परीक्षक झालो की तिची बंद पुस्तिका उघडेल."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. मला वाटतं त्यांना चहाची गोष्ट आठवली. त्यांनी कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, बऱ्यापैकी लांब. मग स्टँडवरचा शिक्का उचलला आणि शाईच्या गादीवर दाबला. गादी कोरडी असावी. त्यांनी शिक्का कागदावर उमटवून बघितला तर अर्धाच उमटला. पुन्हा दाबला, पुन्हा अर्धा.

मामांचा उजवा हात काचेखालच्या फटीतून आत गेला.

"अहो," बाकावरून मामी म्हणाल्या, मान वर न करता. "हात."

हात जागच्या जागी थांबला. बोटं शिक्क्यापासून वीतभर. मग तो आला तसा मागे सरकला, फटीतून बाहेर निघाला, आणि मामांनी तो डाव्या काखेत घट्ट दाबून धरला. त्यांची मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता डोळे मिटणार. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मामांना कळलं, पण ते वळले नाहीत. बाईंनी गादीवर शाई ओतली, शिक्का नीट बुडवला, कागदावर ठेवला आणि दाबला. तो उचलला जाईपर्यंत मामा टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होते.